देवरावभाऊंच्या पूलमध्ये क्लोरीन टिकत नव्हतं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी डोकं खायला नको. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. दर्ग्यावर जातो तो अम्मीचे गुडघे दुखतात म्हणून, गाडी चालवायला. इथले बाकीचे किस्से मी वाचलेले आहेत... चिंचेखालची बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचले, हसलो, झोपलो. त्यामुळे तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की माझ्या किस्स्यात बाई नाही, म्हातारा नाही, रात्रसुद्धा नाही. भर उन्हातली गोष्ट आहे आणि ती पाण्याची आहे.

मी हनीफ. चंद्रपूरचा. धंदा स्विमिंग पूलचा, म्हणजे बांधायचा नाही, सांभाळायचा. "चंद्रपुरात कुठले आले पूल?" असं विचारू नका, सगळे तेच विचारतात. अहो, उन्हाळ्यात इथं कातडी सोलून निघते. जंगलाकडच्या रिसॉर्टवाल्यांचे पूल आहेत, कंत्राटदारांच्या फार्महाऊसवर आहेत, आणि आता तर व्हिडिओ पाहून कोणीही घरामागे खड्डा खोदतो, टाइल्स लावतो आणि महिन्याभरात मला फोन करतो — हनीफभाऊ, पाणी हिरवं झालं. होणारच ना बावा! लोकांना वाटतं पाणी निळं दिसलं की स्वच्छ. निळ्या असतात त्या टाइल्स. पाणी स्वच्छ आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही, ते टेस्ट किटला कळतं.

हे किटचं नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पाण्यात टाकलेलं क्लोरीन दोन प्रकारचं असतं — एक शिल्लक राहिलेलं, एक वापरून झालेलं. माणूस पाण्यात उतरला की त्याचा घाम, अंगाचं तेल, मळ यावर क्लोरीन खर्च होतं. पाणी नळीत घेऊन एक गोळी टाकायची. गुलाबी रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. मग दुसरी गोळी टाकायची, तिनं वापरलेलं दिसतं. पोहायच्या तलावावर गर्दीच्या दिवशी जो डोळ्यांत चुरचुरणारा वास येतो, ज्याला लोक 'क्लोरीनचा वास' म्हणतात, तो या वापरलेल्याचा. तो आला म्हणजे समजायचं, पाण्यात माणसं उतरून गेली. वीसेक वर्षं हे काम करतो आहे. पाणी हुंगून मी सांगू शकतो की काल पार्टी होती का.

तर देवरावभाऊ. सिंदेवाहीजवळ त्यांची राईस मिल आहे. घर मिलपासून थोडं आत, एका गावाच्या टोकाला. गावाचं नाव देत नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात. पुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बांध्यांच्या पलीकडे जंगल. वाघ मागच्या नाल्यावर येतो, म्हणून घराला पुरुषभर उंच भिंत आणि वर तारा. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, त्यांनी पूल बांधला. शौक म्हणून नाही. त्यांची मुलगी प्रणाली कॉलेजवरून मैत्रिणीच्या गाडीवर मागं बसून येत होती. समोर रानडुक्कर आलं. मैत्रिणीला खरचटलं तेवढं, प्रणालीच्या पाठीचा मणका गेला. कमरेखाली काहीच नाही. चिमटा काढला तरी कळत नाही. बाविशीची पोर.

ब्रह्मपुरीवरून फिजिओवाल्या मॅडम यायच्या. त्यांनी सांगितलं होतं की नसांमध्ये जे काही परत यायचं असेल ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात येतं, नंतर आशा कमी. आणि पाण्यात व्यायाम केला तर पायांवर अंगाचं वजन पडत नाही. म्हणून तो पूल. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, छातीएवढा खोल, एका टोकाला चाकाची खुर्ची उतरेल असा उतार. पण मॅडमनी मला बाजूला घेऊन दुसरंही सांगितलं. पडून पडून प्रणालीच्या टाचेला आणि कमरेला जखमा व्हायला लागल्या होत्या. "तिला दुखत नाही, म्हणून जखम चिघळली तरी तिला कळणार नाही. पाणी जरा जरी खराब असलं तर विष अंगात भिनेल." मी म्हटलं, मॅडम, पाणी माझ्यावर सोडा. माझ्या पाण्याबद्दल मला जरा जास्तच गर्व आहे, बायको रोज सांगते.

पूल पहिल्यांदा भरला त्या दिवशी मी चिडलो होतो. घरच्या बोअरला लोह. क्लोरीन टाकलं की पाण्याचा रंग चहासारखा होतो. म्हणून टँकर सांगितले होते. मी पोचलो तर पूलच्या कडेला गावातल्या बाया उभ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे हंडा, आणि वाजंत्री तेवढी कमी होती! आमच्याकडे लग्नात हळदीच्या न्हाणाला घराघरातून असं पाणी आणतात. बाया आपापल्या विहिरीचं, हापशीचं पाणी पूलमध्ये ओतत होत्या. मी देवरावभाऊंच्या मिसेस सुमनबाई यांना म्हटलं, "बाई, हे काय चाललं? कोणत्या विहिरीत काय असन काय माहीत! मले सगळं मारावं लागते मंग."

सुमनबाई म्हणाल्या, "मारा ना भाऊ तुमचं औषध. पण पाणी पह्यले आमच्या हातचं पडू द्या. हिचं हळदीचं पाणी दुसऱ्या कोन्या दिवशी आनावं मी? सांगा मले."

मी कडेला झालो. बाया गेल्या, टँकर आले, मी शॉकचा डोस, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन मारलं, दोन दिवस फिल्टर चालवलं. पाणी असं झालं की तळाचं नाणं वाचता यावं. प्रणालीला उतरवलं. ती पाण्यात तरंगली आणि रडली. मी निघून आलो.

आठवड्याभरात फोन. क्लोरीन शून्य. मी देवरावभाऊंना किट वापरायला शिकवलं होतं, मला वाटलं त्यांनी गोळी चुकवली. गेलो. उतारावर पाय ठेवला आणि वास नाकात घुसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायच्या तलावावर रविवारी येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा. किट लावलं. शिल्लक काहीच नाही, पहिल्या गोळीला पाणी जसंच्या तसं, रंगच नाही. दुसरी गोळी टाकली तर नळी लालभडक.

मी सरळ विचारलं, "भाऊ, गावातले पोट्टे येऊन पोहून राह्यले का?"

"अबे, कुठून येतीन? वाघाच्या भेवानं सांजचं फाटक बंद करतो. भिंत पाह्यली का तुमी?"

"मंग पाहुणे?"

"एक पोट्टी उतरते, तेही अर्धा घंटा. मॅडम धरून असते. बाकी कोन उतरते आमच्या घरचं? मले पोहता येते का?"

माझा पहिला संशय युरियावर. बांध्यांत युरिया मारतात, वाऱ्यानं उडून आला तर क्लोरीन असंच खातो. पण तेव्हा धान कापून झालेलं, बांध्या कोरड्या ठणठणीत. दुसरा संशय क्लोरीनच्या डब्यावर. नवीन डबा आणला. तिसरा उन्हावर... पण उन्हानं क्लोरीन उडतं, वापरलेलं मागं राहत नाही. पूलवर ताडपत्री बांधली. रोज डोस दुप्पट केला. रोज शून्य. माकडं म्हणाल, तर माकडं टाइल्सवर घाण करून जातात, अंघोळ करत नाहीत. मी माझ्या ओळखीच्या एका कंपनीच्या इंजिनीयरला फोन लावला, तो म्हणाला तुझं किट एक्स्पायर झालं असेल. नवीन किट आणलं. तेच.

मग मी हट्टाला पेटलो. एक दिवस सकाळीच गेलो, डोस मारला, किट लावलं, छान गुलाबी. म्हटलं, आज इथून हलत नाही. प्रणाली त्या दिवशी पाण्यात उतरणार नव्हती, मॅडम रजेवर होत्या. ताडपत्री काढून ठेवली, पंप बंद केला, आंब्याखाली खुर्ची टाकली आणि पाण्याकडे बघत बसलो. सुमनबाईंनी जेवायला बोलावलं तर ताट तिथंच मागवलं.

दुपार झाली. वारा नाही. पान हलत नव्हतं. पाणी असं स्थिर की आंब्याची फांदी त्यात जशीच्या तशी दिसत होती. मी भात कालवत होतो आणि माझं लक्ष टाइल्सकडे गेलं. कडेनं एक गडद निळी पट्टी लावलेली आहे, पाण्याची पातळी तिच्या खालच्या रेघेला ठेवतो आम्ही. पाणी त्या रेघेच्या वर होतं. मी बघत असताना ते आणखी वर गेलं. सावकाश... थोडं, मग थांबलं, परत थोडं. लाट नाही, बुडबुडा नाही, आवाज नाही. बोटभर चढलं.

आता हे फक्त माझ्यासारख्यालाच कळेल. पाणी कधी चढतं? एक तर कोणी पाणी सोडलं तर. नळ बंद होता, पाइपच काढून ठेवला होता. नाही तर कोणी आत उतरलं तर. तेवढ्या पूलमध्ये बोटभर पाणी चढवायला एक माणूस पुरत नाही, आठ-दहा लागतात. आणि ते जसं थांबून थांबून चढलं ना, तसं माणसं एकामागून एक उतारावरून आत जातात तेव्हाच चढतं. मी हजार वेळा पाहिलं आहे. माझ्या हातातला घास हातातच राहिला. बऱ्याच वेळानं पाणी तसंच टप्प्याटप्प्यानं खाली आलं, रेघेवर थांबलं. उतारावरच्या फरशीवर ओलं पाऊल शोधलं मी. नव्हतं. फरशी तापून पाय भाजत होते. किट लावलं — शून्य. आणि तो वास.

खरं सांगतो, मला भीती नाही वाटली. राग आला. माझ्या पाण्यात माझ्या नाकासमोर कोणी उतरून जातं म्हणजे काय! कोणाला काही बोललो नाही. गाडी काढली आणि घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो तर प्रणाली पाण्यात होती, मॅडमनी तिला पाठीखाली हात देऊन तरंगत धरलेलं. सुमनबाई कडेला टॉवेल घेऊन. मी पट्टीकडे पाहिलं. दोघींच्या वजनानं चढायला हवं त्यापेक्षा पाणी बरंच वर होतं. आणि प्रणाली हसत होती.

"मॅडम, पायाले गुदगुल्या नका करू ना!"

मॅडमचे दोन्ही हात तिच्या पाठीखाली होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"कुठे वाटतं तुला, प्रणाली?"

"तळव्याले. आता टाचेले. चोळून राह्यलं कोनी... तुमी नाई का?"

आणि तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. मी पाहिलं, मॅडमनी पाहिलं, सुमनबाईंनी पाहिलं. पाण्यामुळं वाटलं असेल म्हणाल, तर नाही. अंगठा वाकला, सरळ झाला, परत वाकला. सुमनबाईंनी टॉवेल तोंडात कोंबला आणि खाली बसल्या. देवरावभाऊ मिलमधून धावत आले, सगळं अंग कोंड्यानं भरलेलं. त्यांच्यासमोर अंगठा आणखी एकदा हलला. तो माणूस तिथंच फरशीवर पालथा पडून पोरीच्या पायाकडे बघत राहिला.

पुढचे काही आठवडे असेच होते. माझं क्लोरीन रोज शून्य आणि तिचे पाय रोज थोडे पुढे. अंगठ्यानंतर पंजा. मग डावा गुडघा पाण्यात वर उचलला गेला. एकदा मी फिल्टर धूत होतो तेव्हा प्रणालीनं मला जवळ बोलावलं. मॅडम फोनवर होत्या.

"हनीफभाऊ, तुमी मले पागल तं नाई म्हनान?"

"आधी सांग तं खरं."

"लय जनं असतेत. बायाच आहेत. हात खरखरीत आहेत, बांधीत धानाचं रोवणं करनाऱ्या बायायचे असतेत ना तसे. तळव्यापासून वर चोळत आनतेत. लेकराले न्हाऊ घालताना चोळतेत नाई का, तसं. बोलत नाई कोनी. मले भेव नाई वाटत जी. बाहेर काढलं का मंग नाई वाटत, पाय मेल्यावानी होतेत."

मी म्हटलं, "तुले पागल म्हनलं तं मले पह्यले म्हनावं लागन." आणि तिला पाणी चढल्याचं सांगितलं. ती इतकी खूश झाली, काय सांगू. "म्हंजे आहेत ना? खरंच आहेत ना?" आहेत, म्हटलं. काय माहीत कोण, पण आहेत.

इथंच ही गोष्ट थांबली असती तर मी ती मिठाई वाटत सांगितली असती. पण पाण्यात क्लोरीन नव्हतं, हे विसरू नका. मी विसरलो नव्हतो. मी रोज टाकत होतो, पण ते उरतच नव्हतं, आणि क्लोरीन नसलेलं पाणी जखमेत जात होतं. मॅडम पट्टी बांधायच्या, वर प्लास्टिक गुंडाळायच्या. कमरेची जखम तरी चिघळली. एका सकाळी पोर तापानं फणफणली, बरळायला लागली. नागपूरला नेली. विष रक्तात गेलं होतं. डॉक्टरांनी देवरावभाऊंना सांगितलं, वाचेल की नाही आज सांगता येत नाही.

मीही नागपूरला गेलो होतो. दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर देवरावभाऊंना सगळं सांगितलं... पाणी चढतं ते, प्रणालीनं सांगितलं ते. त्यांनी ऐकून घेतलं.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "पोट्टीनं मायले सांगतलं, मायनं मले. पन डॉक्टर म्हनते, त्या पाण्यात पुन्हा उतरली तं पोरगी गेली समजा. आता मी काय करू, तुमी सांगा. पाय पाहू का जीव पाहू?"

मी टपरीवाल्याला पैसे दिले.

"पाणी साफ करा, हनीफभाऊ. काय करा लागते ते करा. मले पोट्टी जिती पाह्यजे."

मी तरी दुसरं काय सांगितलं असतं? तुम्ही काय सांगितलं असतं? आजही मला कोणी विचारलं तर मी हेच म्हणेन. पाणी साफच पाहिजे.

प्रणाली वाचली. ती दवाखान्यात असतानाच मी कामाला लागलो. पूल पूर्ण उपसायचा, टाइल्स ॲसिडनं धुवायच्या, फिल्टरची रेती बदलायची, पाइप नवीन, पाणी नवीन. उपशाची मोटर लावली, नळी नाल्याकडे सोडली. बटन दाबायला हात पुढं केला आणि सवयीनं पट्टीकडे पाहिलं. पाणी रेघेच्या वर होतं. भर सकाळी. मी उभा राहिलो. आणि ते खाली आलं, पण या वेळी टप्प्याटप्प्यानं नाही. एकदम. सगळे एकाच वेळी बाहेर निघाले तर जसं येईल तसं. मोटर मी अजून सुरूच केली नव्हती.

मग सुरू केली.

पूल कोरडा झाला. ॲसिडनं टाइल्स नव्या झाल्या. नवं पाणी भरलं, डोस मारला. दुसऱ्या दिवशी गुलाबी. तिसऱ्या दिवशी गुलाबी. आठवड्यानंतरही गुलाबी, आणि वापरलेलं जवळजवळ नाहीच. वास नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं चांगलं पाणी केलं नव्हतं. कोणत्याही लॅबमध्ये पाठवा म्हटलं, आणि मॅडमनी पाठवलंसुद्धा. एकदम शुद्ध.

प्रणालीच्या जखमा भरायला दोनेक महिने गेले. मग तिला पाण्यात उतरवलं. मी मुद्दाम गेलो होतो. ती तरंगली, डोळे मिटले आणि वाट पाहत राहिली. आम्ही सगळे तिच्या अंगठ्याकडे पाहत होतो. मॅडम म्हणाल्या, प्रयत्न कर, मनानं अंगठ्यापर्यंत जा. तिच्या कपाळावर शीर उठली. अंगठा तसाच. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"कोनीच नाई जी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाही. पुढच्या आठवड्यात नाही. पाणी फक्त दोघींपुरतं चढायचं. जो गुडघा वर यायचा तो परत दगड झाला.

मग आम्ही काय काय केलं ते सांगतो, कारण कमेंटमध्ये तुम्ही तेच सुचवणार आहात. सुमनबाईंनी गावातल्या बायांना परत गुंड घेऊन बोलावलं. पहिल्या वेळच्या त्याच बाया, एकही कमी नाही, सगळ्या जित्याजागत्या आहेत, म्हणून 'मेलेल्या बाया येत होत्या' हेही लागू नाही. मी या वेळी तोंड उघडलं नाही, उलट गाडी लावून त्यांचे गुंड उतरवून घेतले. काही झालं नाही. मग जखमा नाहीत म्हणून मॅडमची नाराजी पत्करून आम्ही क्लोरीन बंद केलं. मी, हनीफ, स्वतःच्या हातानं डोस बंद केला. पाणी हिरवं झालं, डासांच्या अळ्या झाल्या, शेवाळ झालं. नुसतं घाण पाणी, बाकी काही नाही. त्यात पोरीला उतरवायची हिंमत कोणाची झाली नाही, पण सुमनबाई स्वतः साडीनिशी उतरल्या. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून हात जोडून "या ना माय, या ना" म्हणत राहिल्या. मला तिथं उभं राहवलं नाही.

तिथं पूर्वी काही होतं का, हेही विचारलं. बोडी, म्हणजे लहान तळं, बुजवली असेल, मसणवट असेल, एखादी बाई बुडाली असेल. गावातली सर्वात म्हातारी तानीबाई, तिच्यासमोर जाऊन बसलो. "काई नोहतं रे बाबू. पडीक होतं. ढोरं चरत. कोनी मेलं नाई, कोनी बुडलं नाई. पाणीच नोहतं तं बुडन कोन?" मी म्हटलं, आठवून पाहा ना माय. ती म्हणाली, "आठवून काय पाहू? नोहतं ते कसं आठवन?"

अपघाताला दीड वर्ष उलटून गेलं. मॅडमचं येणं आठवड्यावरून महिन्यावर आलं, मग बंद झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की असे झटके कधी कधी येतात, पाय आपोआप हलतात, आणि बधिर पायात स्पर्श वाटणं हा मेंदूचा खेळ असतो. असेल. ते शिकलेले आहेत. पण मेंदूचा खेळ क्लोरीन खात नाही, आणि टाइल्सवर पाणी चढवत नाही. मॅडम आता म्हणतात, अंगठा पाण्यामुळं हलल्यासारखा वाटला असेल. देवरावभाऊ तो विषयच काढू देत नाहीत. पूल कोरडा पडला आहे, त्यात ते कोंड्याची पोती ठेवतात. पाणी चढताना पाहिलेला माणूस मी एकटा. म्हणून लिहितो आहे. कोणी दुसरं पाहिलं असेल, कोणाच्या पूलमध्ये, टाकीत, कुठंही, तर सांगा. मला कारण सापडलेलं नाही, आणि आता सापडून पोरीचा काही फायदाही नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो होतो, त्यांना पूलचा पंप विकायचा होता म्हणून. प्रणाली मागच्या पडवीत खाटेवर बसली होती. चेहरा भरलाय, केस कापलेत. मला पाहून हसली. इकडचं तिकडचं बोललो. मग तिनं विचारलं,

"हनीफभाऊ, पूल उपसला तवा त्या बाया आत होत्या का?"

खोटं बोलता आलं नाही. "होत्या. मोटर चालू करायच्या पह्यले बाहेर आल्या. सगळ्या एकदम."

तिनं कोंड्याच्या पोत्यांकडे पाहिलं.

"कोन्या बाजूनं निंघाल्या जी? घराच्या का जंगलाच्या?"

आता पाणी खाली गेलं, एवढंच मी पाहिलं होतं. त्या कोणत्या बाजूनं गेल्या हे कसं कळणार, पाण्याला बाजू असते का? मला काय माहीत! पण ती माझ्याकडे अशी बघत होती की माझ्या तोंडून निघून गेलं... "घराच्या."

"म्हंजे इथीच असतीन," ती म्हणाली.

परवा सुमनबाईंचा फोन आला होता. इकडे थंडी किती पडते तुम्हाला माहीत नसेल, पहाटे बांध्यांवर दव गोठतं. म्हणाल्या, पोट्टी ऐकतच नाही, रोज पहाटेपासून पडवीत येऊन बसते, पाय उघडे टाकून, आणि पायावर पांघरूण टाकलं की हातानं काढून फेकते. तळवे निळे पडून राह्यले, तिला तर कळतही नाही. "तुमच्याशी बोलली त्या दिसापासून करून राह्यली असं. तुमी तिले काय सांगतलं, भाऊ?"

मी म्हटलं, काही नाही बाई, पंपाचं बोललो.